समाजमंदिराची चावी कोणाकडे?

पत्र:

"सर, पुण्यात टेकडीच्या पायथ्याला आमची वस्ती आहे. मी तीन घरी स्वयंपाकाला जाते आणि आमच्या गल्लीतला बचत गट सांभाळते. दीड महिन्यापूर्वी रात्री चार-पाच पोरांनी कोयते घेऊन उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. त्यात आमच्या मागच्या दारचा सोळा वर्षांचा पोरगा होता. येरवड्याला निरीक्षण गृहात राहून तो आता घरी आलाय. माझा मुलगा पंधरा वर्षांचा. दोघं एका ताटात जेवलेले. आता सगळे म्हणतात, त्याला दारात उभं करू नका.

माझा मुलगा क्लासच्या नावाखाली संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली बसतो. तिथे एक जण येतो, पोरं त्याला भाई म्हणतात. तो वडापाव खिलवतो, पेट्रोलला पैसे देतो, वाढदिवसाला रस्त्यात तलवारीनं केक कापायला लावतो. वस्तीत महापालिकेचं समाजमंदिर आहे, पण त्याला कायम कुलूप. लग्न, बारसं, नाहीतर निवडणुकीची सभा, एवढ्यालाच उघडतं. आम्ही बाया म्हणतो, ते पोरांसाठी उघडा. मंडळाची माणसं म्हणतात, उघडलं की अड्डा होईल. कोणी म्हणतं ओपन जिम बसवा, कोणी म्हणतं कॅमेरे बसवा. आम्ही काय करावं? आणि त्या पोराचं काय करावं?
एक आई"

उत्तर:

ताई,

मंडळाची माणसं घाबरून बोलत असतील, पण चुकीचं बोलत नाहीत. समाजमंदिर नुसतं उघडून ठेवलं तर त्याचा अड्डा होतो. असा एक अड्डा मी स्वतः तयार केलेला आहे, म्हणून सांगतो.

शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालो आणि चार मित्रांनी मिळून एका वस्तीत खोली घेतली. रंग दिला, दोन कॅरम बोर्ड आणले, टेबल टेनिसचं जुनं टेबल मिळवलं, भिंतीवर टीव्ही लावला. उद्घाटनाला पेढे वाटले. चावी वस्तीतल्याच एका चाळिशीच्या कार्यकर्त्याकडे दिली आणि आम्ही दर रविवारी चक्कर मारायची असं ठरलं. पहिले पंधरा दिवस खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही खूश. तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी न सांगता गेलो. दोन्ही बोर्डांवर वीस-बावीसचे बाप्ये, एकेका बोर्डाला दहा रुपये लावलेले. बारा-तेरा वर्षांची पोरं भिंतीला टेकून उभी. त्यांचा नंबर कधी लागतच नव्हता, त्यांचं काम टपरीवरून पुड्या आणून देणं. (गुटख्याला महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, हे त्या टपरीला कोणीतरी कळवायला हवं.) टीव्ही चालू होता, बघत कोणी नव्हतं. मुलगी एकही नाही. आणि ज्याच्यापासून पोरांना लांब ठेवायचं म्हणून खोली घेतली, तो माणूस आमच्याच खुर्चीवर ऐसपैस बसलेला. त्याला आता पोरं शोधत फिरायचीही गरज नव्हती. आम्ही ती गोळा करून दिली होती.

ती खोली आम्ही बंद केली. नंतर वाचनात आलं की ही फजिती आमच्या एकट्यांची नाही. स्वीडनमध्ये मुलांसाठी सरकारी युवा केंद्रं आहेत. तिथल्या चौदा वर्षांच्या मुलामुलींचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. जिथे वेळ ठरलेली असते, शिकवणारं मोठं माणूस असतं आणि अंगात काही कसब येतं, तिथे जाणाऱ्या मुलांच्या भानगडी कमी. जिथे नुसतं येऊन टेकायचं आणि मोठ्यांचं लक्ष नाही, तिथे जाणाऱ्यांच्या भानगडी उलट जास्त. 1999 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. बिघडलेली म्हणून वेचून काढलेली मुलंच तेवढी एकत्र बसवली, तर काही वेळा ती एकमेकांकडून जास्तच शिकून जातात. अढीतल्या नासक्या आंब्याचा दाखला मला माणसांच्या बाबतीत आवडत नाही. पण सगळे डागी आंबे एकाच टोपलीत भरू नयेत, एवढं खरं.

आता तुमच्या टाकीखालच्या भाईकडे वळू. आमच्या त्या खोलीत येणारा एक चौदा वर्षांचा पोरगा होता. चुणचुणीत, पण शाळेत मागच्या बाकावरचा. खोली बंद झाल्यावर तो कायमचा त्या माणसाच्या मागे लागला. एकदा मी त्याला गाठून विचारलं, "काय रे, तुला तिथं मिळतं काय?" त्यानं खिशातून चावी काढून दाखवली. बुलेटची चावी, बुटाच्या नाडीत ओवलेली. "चालवायला देतो?" म्हटलं. "नाही सर, सांभाळायला."

मी बराच वेळ गप्प उभा होतो. आम्ही खोलीची चावी एका घोड्याएवढ्या माणसाला दिली होती. त्या गुंडानं गाडीची चावी पोराला दिली होती. पोरं कशानं बांधली जातात, हे त्याला आमच्यापेक्षा बरं कळत होतं.

म्हणून ताई, मंडळात उद्या पुन्हा विषय निघाला की "उघडायचं की नाही" यावर वाद घालू नका. रोज संध्याकाळी तिथं कोण बसणार आणि चावी कोणाकडे असणार, एवढंच विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर कुलूपच बरं.

दुसऱ्या वस्तीत आम्ही शहाणे होऊन गेलो. ते केंद्र आज सात वर्षं चालू आहे. ते तुमच्यासारख्याच बायांमुळे उभं राहिलं. बचत गटातल्या सहा जणींनी आठवड्याचे सहा दिवस वाटून घेतले. साडेसहाला केंद्र उघडतं, साडेनऊला बंद होतं. याच वेळेला आई-बाप कामावरून यायचे असतात, घर दहा बाय दहाचं, टीव्ही एक, आणि पोराला घरात थांबायला जागा नसते. सकाळी सातचा योगवर्ग या पोरांच्या काही कामाचा नाही. ज्या दिवशी जिची पाळी, ती पायरीवर सूप घेऊन बसते. मेथी निवडते, शेंगा सोलते, कधी नुसती बसते. ती शिकवत काही नाही. पण तिच्यासमोरून आत जाताना तोंडातली पुडी थुंकून जावं लागतं, आणि आत कोण नवीन बाप्या शिरला हे तिला बरोबर कळतं. तुमच्या सीसीटीव्हीला हे जमणार नाही. कॅमेरा काच फुटल्यावर कामाला येतो. आणि त्या पोरांना त्याची भीती किती, ते बघा. ती स्वतःच कोयता घेऊन स्वतःची रील काढतात.

ओपन जिमबद्दलही तेच. बसवायचं तर बसवा, सकाळी आजोबा लोकांचे गुडघे मोकळे होतील. पण त्या लोखंडी यंत्राला, आज अमका का आला नाही, हा प्रश्न पडत नाही.

वेळापत्रक भिंतीवर खडूनं लिहिलेलं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मैदानावर कबड्डी. मैदान कसलं, समाजमंदिरापुढची पार्किंगची जागा. बाकीचे दिवस आत: कॅरम, बुद्धिबळ, आणि एका टोकाला अभ्यासाची सतरंजी. एकदा एक ढोलवाला पोरगा ताशा शिकवायला लागला, तेव्हा तो मंगळवार झाला. रात्री दहानंतर वाजवायला मनाई आहे आणि शेजारी तान्ही बाळं आहेत, म्हणून ताशा आठलाच बंद. रोज काहीतरी ठरलेलं हवं, मग ते कितीही साधं असो. "या आणि बसा" म्हटलं की टाकीखालची बैठकच आत येते.

वयाचा नियम आम्ही कडक ठेवला. बारा ते अठरा. अठराच्या वरच्याला यायचं असेल तर काम घेऊन यायचं: पंच व्हायचं, गणित सांगायचं, नाहीतर बल्ब बदलायचा. नुसतं बसायला बंदी. पहिल्या महिन्यात यावरून दोनदा तोंडातोंडी झाली, एकदा खिडकीची काचही गेली. बायांनी माघार घेतली नाही. सहा जणींशी भांडायला पोरं कचरतात. त्यातली एक तरी त्यांच्या आईची मैत्रीण असतेच.

चावी मात्र पोरांकडे. चार चाव्या, चार पोरं, दर महिन्याला बदल. चावीवाल्यानं सव्वासहाला येऊन कुलूप काढायचं, झाडू मारायचा, हजेरीची वही मांडायची. एकाकडे शिट्टी. एकाकडे फक्कीचा डबा. तुम्ही कबड्डीची मैदानं बघितली असतील. पाण्यानं सडा मारून, दोरी ताणून, डब्याच्या बुडाला भोकं पाडून फक्की टाकत रेघ काढायची असते. ती रेघ सरळ यावी म्हणून एक पोरगा जीभ दातात धरून, उकिडवा बसत-बसत मागे सरकत असे. शाळेत त्याची वही कधी पूर्ण झाली नव्हती. त्याची रेघ कोणी पायानं पुसली तर तो मारायला उठायचा. त्या मारामाऱ्या आम्ही मजेत सोडवल्या.

मुलींचं आधीच ठरवा, नंतर म्हणाल तर होत नाही. आमच्याकडे पहिला तास फक्त मुली, आणि त्यानंतर ज्यांना थांबायचं त्यांनी थांबायचं. संडासला आतून कडी आणि बाहेर दिवा आहे की नाही ते बघा. मुलींचं येणं यावर ठरतं, भाषणांवर नाही. मुली यायला लागल्या तशी पोरांची भाषाही थोडी निवळली. थोडीच.

हे सगळं काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. कोल्हापूरच्या तालमी घ्या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, हे सगळे सांगतात. मला मात्र तालमीतली पहाट महत्त्वाची वाटते. नवं पोर आलं की वस्ताद त्याला आधी कुस्ती शिकवत नाही. माती उकरायला लावतो. जो माती उकरतो त्याचा त्या आखाड्यावर हक्क तयार होतो. पुढे याच पेठांच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी नावं असलेले संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि अख्खी पेठ गॅलरीत जाऊन बसते. पोराच्या अंगावर पेठेचं नाव असतं. त्याच नावावरून कधीमधी समर्थकांत राडाही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. वस्तीचा अभिमान ही दुधारी वस्तू आहे. म्हणून स्पर्धा घ्याल तेव्हा "आमची गल्ली विरुद्ध तुमची गल्ली" असे संघ पाडू नका. चिठ्ठ्या टाकून मिसळून पाडा.

इमारत नाहीच मिळाली तरी अडून बसू नका. राष्ट्र सेवा दल 1941 मध्ये सुरू झालं, त्याच्या शाखेला काय लागायचं? एक मोकळी जागा, एक शिट्टी, रोजची ठरलेली वेळ, आणि न चुकता येणारा शाखानायक. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तेव्हा त्यांनी स्टेडियमची वाट पाहिली नाही. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांच्या ऑस्कर फाउंडेशननं "शाळा नाही तर फुटबॉल नाही" असा नियम केला. शाळेत असलेल्या पोरासाठी तो नियम चांगला आहे, कारण खेळाच्या ओढीनं ते शाळेत टिकतं. पण तुमच्या मागच्या दारच्या पोरासारखा जो आधीच शाळेबाहेर पडलाय, त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवायला हवं. आमचा नियम थोडा सैल होता: शाळेत जात नसलास तर आठवड्यातून दोन दिवस सतरंजीवर बसायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे निम्म्या पालकांना माहीत नसतं. तीन पोरं तशी बसली. एक पास झाला, एकाचे दोन विषय राहिले, एक परीक्षेलाच गेला नाही.

आता समाजमंदिर मिळवायचं कसं. "समाजमंदिर आमच्या ताब्यात द्या" असं म्हणू नका, ते ऐकून सगळेच दचकतात. संध्याकाळचे तीन तास, तीन महिन्यांसाठी, लग्नाच्या तारखा सोडून, इतकंच लेखी मागा. तुमचा बचत गट महापालिकेच्या समाज विकास विभागात नोंदलेला असेल, म्हणजे तुमची समूह संघटिका, वस्तीतले गट बघणारी महापालिकेची कार्यकर्ती, तुम्हाला ओळखत असणार. पहिला अर्ज तिच्या हातून जाऊ द्या. जागा कोणत्या खात्याच्या नावावर आहे, कोणाला चालवायला दिली आहे, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. उडवाउडवी झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दिवे, जाळी, संडासची दुरुस्ती यांसाठी पुणे महापालिकेची एक चांगली सोय आहे. 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली लहान कामं सुचवता येतात. तो फॉर्म कधी निघतो यावर लक्ष ठेवा आणि सहा जणींनी सहा फॉर्म भरा. वीजबिल कोण भरणार हा प्रश्न हमखास निघेल, त्याचं उत्तर घेऊनच जा. आमचा महिन्याचा सगळा खर्च साडेतीन-चार हजारांच्या वर कधी गेला नाही.

देणगीचं मात्र जपून. केंद्र चालायला लागलं की पहिला माणूस पैसे घेऊन कोण येईल सांगू? टाकीखालचा भाई. "पोरांना टी-शर्ट मी देतो," म्हणेल, आणि पाठीवर त्याचा फोटो असेल. त्याच्या मागोमाग पक्षांचे लोक फ्लेक्स घेऊन येतील. सगळ्यांना एकच उत्तर ठेवा: भिंतीवर आणि कपड्यांवर कोणाचाही फोटो नाही. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

त्या भाईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भीती मला पत्रातून जाणवली. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये स्पष्ट आहे. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. मुलांना दारू किंवा अमली पदार्थ देणं, त्यांच्याकडून ते विकून घेणं हेही वेगळे गुन्हे आहेत. तरीही तुम्ही एकट्यानं त्याला जाब विचारायला जाऊ नका, आणि मुलाला तर साक्षीदार म्हणून अजिबात पुढे करू नका. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. नाव विचारून घ्या, आणि सात-आठ जणी मिळून, समूह संघटिकेला बरोबर घेऊन त्यांना भेटा. तक्रार पोरांविरुद्ध नाही, त्या माणसाविरुद्ध आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडी येते, टाकीखालच्या पोरांना दंडुके मारून जाते, आणि भाई संध्याकाळी त्यांनाच मलम घेऊन येतो. हत्यार दिसलं तर मात्र चर्चा नको, 112 ला फोन. मुलगा अडचणीत असेल तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आता तो मागच्या दारचा पोरगा.

ताई, त्याला दारात उभं करा. आतही घ्या. केंद्र काढून त्यालाच बाहेर ठेवणार असाल तर ते केंद्र कोणासाठी? कायद्याच्या भाषेत तो गुन्हेगार नाही, "विधी संघर्षग्रस्त बालक" आहे. शब्द बोजड आहे, पण त्यामागचा हिशोब सरळ आहे. त्याचं नाव, फोटो छापायला बंदी आहे. प्रौढ म्हणून खटला चालला तो अपवाद सोडला, तर या प्रकरणामुळे पुढे नोकरी-शिक्षणात त्याला अपात्र ठरवता येत नाही. म्हणजे कायदा विसरायला तयार आहे. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरत असेल, तो आधी काढायला लावा.

त्याच्या प्रकरणात परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, नेमलेले असतील. त्याच्या आईबरोबर जाऊन त्यांना भेटा आणि विचारा, आम्ही केंद्र सुरू करतोय, याच्या रोजच्या येण्याची नोंद आम्ही ठेवू, तुम्हाला चालेल का? अशा मुलांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ मुलाला समाजसेवेचं काम करायला सांगू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं. ते काम तुमच्या समाजमंदिरातच झालं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होईल.

पण काही पथ्यं पाळा. पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांपुढे उभं करून "चुकलो" म्हणायला लावू नका. आणि त्याच्या उलटही होऊ देऊ नका: येरवड्याच्या गोष्टी सांगत तो बसला की बारा वर्षांच्या पोरांच्या डोळ्यांत चमक येते. बोलायला वेळ मिळणार नाही असं काम द्या. त्या रात्री जी पोरं त्याच्याबरोबर होती, तीही येतील. येऊ दे, पण चौघांना एका पाळीत, एका संघात ठेवू नका.

आणि ज्यांच्या काचा फुटल्या त्यांचं काय? पोरांच्या सुधारणेच्या घाईत त्यांना सगळे विसरतात, आणि विरोध तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे एकानं रिक्षाची काच फोडली होती. रिक्षावाले भडकलेले, केंद्रात तो पोरगा दिसला की स्वतःच्या मुलाला हाताला धरून घेऊन जायचे. काचेचे पैसे पोराच्या आईनं हप्त्यानं दिले होते, पोराला त्याची झळ नव्हती. मग ठरलं की चार महिने दर रविवारी पोरानं त्यांची रिक्षा धुवायची. पहिल्या रविवारी ते बोलले नाहीत, बादली पुढे सरकवली फक्त. चार महिन्यांनंतरही त्यांनी माफ केलं असं काही नाही. मुलाला मात्र घेऊन जाईनासे झाले. मला तेवढं पुरलं.

पैशाचाही विचार करा, कारण भाईच्या पेट्रोलच्या पैशाशी तुमची स्पर्धा आहे. शिकागोत 2012 च्या उन्हाळ्यात शहराच्या एका योजनेत हिंसाचारग्रस्त भागातल्या शाळांमधल्या मुलांना आठ आठवड्यांचं अर्धवेळ, पगारी काम दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत त्या मुलांना हिंसक गुन्ह्यांत झालेली अटक, काम न मिळालेल्या तशाच मुलांच्या तुलनेत 43 टक्क्यांनी कमी होती. आपण शिकागो महापालिका नाही. पण दिवाळीत आकाशकंदील करून विकता येतात. आमच्या पोरांनी दोन वर्षं केले, पैसे हिशोबाच्या वहीत सगळ्यांसमोर वाटले. बांबूच्या काड्या तासताना एकाच्या हातात चाकू बघून एक बाई किंचाळली होती. तिला पाणी पाजून खाली बसवावं लागलं.

राहिला तुमचा मुलगा. ज्या दिवशी तुमची पाळी असेल त्या दिवशी तो येणार नाही, ही तयारी ठेवा. पंधराव्या वर्षी आई पायरीवर बसलेली कोणालाच नको असते. रागावू नका, आणि तो आलाय का हे बघायला दुसऱ्या दिवशी डोकावूही नका. मैत्रिणीला विचारा. मित्राशी बोलू नकोस असं तर मुळीच सांगू नका. त्यानं ते ऐकलं नाही तर खोटं बोलेल, आणि ऐकलं तर मागच्या दारच्या पोराचा एकमेव धड मित्रही जाईल. क्लास का बुडवतो हे मात्र एकदा शांतपणे विचारा. बहुतेक वेळा उत्तर गणित हेच असतं, आणि ते भाईपेक्षा खूप सोपं प्रकरण आहे.

पहिल्या संध्याकाळी कोणाला बोलावू नका. नारळ नको, फीत नको, पाहुणे नकोत. दार सताड उघडा, पंख्याची जळमटं काढा, बंद पडलेली ट्यूब लावायला घ्या. शिडी धरायला कोणीतरी लागेल. पोरं काय चाललंय म्हणून बघायला येतीलच. त्यातला जो सगळ्यात आधी "मावशी, तुम्ही उतरा, मी लावतो" म्हणेल, त्याच्याकडे घरी जाताना कुलूप लावायचं काम द्या.

आणि कॅरमची पावडर दोन डबे जास्तीची आणून ठेवा. पहिल्याच आठवड्यात संपते.